ब्रह्मदेशाला नागपुरातून हात कसा द्यायचा? (मंडाले-सगाइंग भूकंप)

तर्रीवाला
३० मार्च २०२५, सकाळी १०.१५

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना, पण धागा त्यासाठी नाही.

परवा शुक्रवारी आपल्या घड्याळात ११.५० आणि त्यांच्या घड्याळात १२.५० वाजले असताना म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र सगाइंग-मंडालेजवळ, खोली फक्त १० किलोमीटर. बारा मिनिटांत सहाच्या वरचा दुसरा धक्का. इरावतीवरचा १९३४ सालचा जुना आवा पूल नदीत बसला. मंडालेच्या राजवाड्याच्या तटाचे भाग ढासळले. मठ आणि पॅगोडे पडले, रमजानचा शेवटचा जुम्मा असल्यामुळे नमाजाला माणसं भरलेली असताना मशिदीही पडल्या.

उत्तर नागपुरात आणि दीक्षाभूमीच्या आसपास कालपासून एकच प्रश्न फिरून राहिला आहे: आपण काय करायचं? इथे बँकवाले आहेत, औषधवाले आहेत, इंजिनिअर आहेत. म्हणून तीन गोष्टी विचारतो. पैसे पाठवायचे तर कसे? वस्तू पाठवाव्या का? विहारात कार्यक्रम घ्यायचा तर नेमकं काय करायचं?

"मन सुन्न झालं" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. ते सगळ्यांचंच झालं आहे.

---

खडूफळा
३० मार्च २०२५, सकाळी ११.०२

पोरं विचारतील की ब्रह्मदेशाचं एवढं का, म्हणून थोडक्यात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी हे मूळचे आराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशातले. राहायचे कुशीनगरला. त्याआधी डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते. विपश्यनेचे गोएंका गुरुजी जन्मले मंडालेत, १९२४ साली. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १९१६ साली वारला तो आपल्या रत्नागिरीत. आपला माणूस त्यांच्या कैदेच्या गावी, त्यांचा राजा आपल्या. दोन्ही बंदी इंग्रजांचे.

एक भूगोलाची गंमत, जी पुढच्या चर्चेत कामाला येईल: नागपूर २१.१५ अक्षांशावर, मंडाले जवळपास २२ वर. नकाशावर पट्टी आडवी ठेवली तर जेमतेम हलते. मधलं अंतर सरळ रेषेत साधारण पावणेदोन हजार किलोमीटर.

---

सीताबर्डीकर
३० मार्च २०२५, दुपारी १२.४०

आमच्या वस्तीत चादरी, ब्लँकेट, जुने पण चांगले कपडे, बिस्किटं गोळा करणं सुरू झालं आहे. दोन दिवसांत एक टेम्पो सहज भरेल. पुढे कुठे द्यायचं तेवढं सांगा.

---

गोळीऔषध
३० मार्च २०२५, दुपारी १.२५

@सीताबर्डीकर भाऊ, हात जोडून सांगतो, आजच थांबवा. खडूफळांनी अक्षांश सांगितला तो इथे लावा. एप्रिलमध्ये मंडालेचं ऊन आपल्यासारखंच, ३८-४० च्या घरात. तिथे ब्लँकेट घेऊन माणूस काय करणार? लोक घरात जायला घाबरून रस्त्यावर झोपून राहिले आहेत. त्यांना हवी सावली, पाणी आणि मच्छरदाणी.

जुन्या कपड्यांचा अनुभव देशाला आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. कोळ्यांनी हातही लावला नाही, आणि ते उचलायला पुन्हा नगरपालिकेचीच माणसं लागली. बेवारस पोतं म्हणजे मदत करणाऱ्याच्या डोक्यावर जास्तीचं काम. उघडा, निवडा, मापं लावा, जागा द्या. ज्या हातांनी पाणी वाटायचं तेच हात यात अडकतात.

वाटेचं पण बघा. नागपूरहून टेम्पो कोलकात्याला किंवा चेन्नईला, तिथून जहाज यांगोनला. परदेशी बंदरावर माल सोडवून घ्यायला तिथला नाव-पत्त्याचा, परवानगी असलेला स्वीकारणारा लागतो. तो नसेल तर माल धक्क्यावर पडून राहतो आणि भाडं चढत जातं. यांगोन ते मंडाले पुढे सहाशेच्या वर किलोमीटर, त्या रस्त्याला आणि पुलांना तडे गेलेले. राजधानी नेप्यिडॉच्या विमानतळाचा कंट्रोल टॉवरच पडला आहे. तुमची पाच रुपयांची बिस्किटं तिथे पोचेपर्यंत पन्नासाची होतील.

गोळा झालेलं परत करायला लाज वाटत असेल तर चादरी मेडिकल कॉलेजच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांना वाटा. नागपुरातच कामाला येतील.

---

सीताबर्डीकर
३० मार्च २०२५, दुपारी १.५०

बरं. बंद केलं. पण औषधं तरी? एमआर लोकांकडे (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) सॅम्पल भरपूर असतात.

---

गोळीऔषध
३० मार्च २०२५, दुपारी २.३०

सॅम्पल तर मुळीच नको. औषधदानाचे जागतिक आरोग्य संघटनेचे नियम स्पष्ट आहेत: तिथे पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, पाकिटावर जेनेरिक नाव हवं, रुग्णांनी परत केलेली किंवा फुकट सॅम्पलची औषधं चालत नाहीत. शिवाय तिकडच्या डॉक्टरने मागितलेलंच औषध पाठवायचं. आपल्याकडे शिल्लक आहे म्हणून नाही.

भूकंपात नेमकं काय लागतं ते समजलं की हा मोह आपोआप सुटतो. ढिगाऱ्याखाली तासन् तास मांडी किंवा दंड दबलेला माणूस बाहेर काढला की बोलतो, पाणी मागतो, आणि थोड्या वेळात दगावतो. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन दाब सुटताच रक्तात येतं. पोटॅशियम हृदय बंद पाडतं, मायोग्लोबिन मूत्रपिंड. म्हणून ढिगारा उचलण्याआधीच शिरेतून नॉर्मल सलाइन सुरू करतात, मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर. रिंगर लॅक्टेट देत नाहीत, कारण त्यात पोटॅशियम असतं. नंतर डायलिसिस लागू शकतं. हे सगळं प्रशिक्षित पथकाचं काम. आपल्या बाजूने एनडीआरएफचे ८० जण गेले आहेत आणि लष्कराचं ६० खाटांचं फील्ड हॉस्पिटल मंडालेत उभं होत आहे, ऑपरेशन ब्रह्मा नावाने.

आठवडाभराने चित्र बदलतं. धनुर्वात, जुलाब, डेंगी. तेव्हा पाण्याला सगळ्यात जास्त किंमत. मदतकार्यातलं माप आहे माणशी रोज १५ लिटर, पिणं-रांधणं-धुणं धरून. पाच जणांच्या घराला ७५ लिटर. क्लोरीनची ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला, ३० मिनिटं झाकून ठेवायचं. गढूळ असेल तर आधी कापडातून गाळायचं आणि गोळ्या दोन. लोक चुकतात ते इथेच: गढूळ पाण्यात एकच गोळी टाकतात, सगळा क्लोरीन गाळच खाऊन टाकतो, आणि गोळी टाकली म्हणून पाणी बिनधास्त पितात.

या गोळ्या, ओआरएस, सलाइन, सगळं थायलंडमधून किंवा यांगोनहून ठोकात मिळतं. म्हणून म्हणतो, पैसे.

---

लेजरफोलिओ
३० मार्च २०२५, सायंकाळी ७.१०

पैशांचं लिहितो. लांब आहे, पण अर्धवट वाचून कोणी गोत्यात येऊ नये.

आधी काय करू नये. एका जणाने क्यूआर कोड टाकायचा, सगळ्यांनी त्याच्या खात्यात शंभर-पाचशे टाकायचे, मग त्याने "ब्रह्मदेशाला पाठवतो" म्हणायचं. हे नको. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना ही व्यक्तीने स्वतःचे पैसे पाठवण्यासाठी आहे. आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा, म्हणजे आपल्यापैकी कोणाला ती टोचणार नाही. पण दुसऱ्यांचे गोळा केलेले पैसे आपले म्हणून पाठवता येत नाहीत. कुटुंबातल्यांचे एकत्र करता येतात, तेही प्रत्येकाचा पॅन आणि कागद वेगळा असेल तर. बँकेने स्टेटमेंट मागितलं आणि त्यात दोनशे अनोळखी यूपीआय जमा दिसल्या की अर्ज तिथेच थांबतो.

दुसरं, मंडळाच्या नावाने वर्गणी. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१-क खाली परवानगी लागते, गणपतीला घेतात तीच. कारण पुण्याचं आहे म्हणून ती माफ होत नाही.

तिसरं, नोंदणीकृत न्यास. एलआरएस न्यासाला लागूच नाही, ती फक्त व्यक्तींना. शिवाय आयकरात न्यासाने उत्पन्नाच्या ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च करायचे असतात आणि भारताबाहेरचा खर्च त्यात धरत नाहीत, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी नसेल तर. विहाराच्या विश्वस्तांनी उत्साहात ठराव करण्याआधी सीएला फोन करावा.

चौथं, अमेरिकेतल्या भावाने विहाराच्या खात्यात पैसे टाकायचे आणि आपण पुढे पाठवायचे. ते एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येतं. त्याला म्हणा, तिथूनच थेट दे. त्याला सोपंही पडेल.

पाचवं आणि शेवटचं, "कोलकात्यात एक माणूस आहे, उद्या मंडालेत क्यात (तिथलं चलन) हातात देतो." ती हुंडी. हेतू कितीही चांगला असला तरी फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, बेकायदेशीर.

आता काय करावं. व्यक्ती म्हणून, स्वतःच्या खात्यातून, म्यानमारमध्ये आधीपासून माणसं असलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्या. रेड क्रॉस चळवळीचं नाव पहिलं घेईन, कारण आंतरराष्ट्रीय समिती आणि महासंघ दोन्ही तिथे वर्षानुवर्षं आहेत. बँकेत फॉर्म ए-२ भरायचा, पॅन द्यायचा, पर्पज कोड एस-१३०३, म्हणजे परदेशातल्या धार्मिक-धर्मादाय संस्थेला देणगी. एस-१३०२ लिहू नका, तो व्यक्तीला द्यायच्या भेटीचा. कोड चुकला की रक्कम अडकते आणि आठवड्याने तुम्हालाच फोन येतो.

फॉर्मवर "चार्जेस" चा रकाना असतो: ओयूआर, एसएचए, बीईएन. ओयूआर निवडा, म्हणजे सगळा खर्च आपल्याकडे. नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते आणि पाच हजार पाठवले तर पोचतात कमी. विनिमयावर जीएसटी लागतो, लहान रकमेला ४५ रुपये. परवापासून, १ एप्रिलपासून, टीसीएसची (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) मर्यादा सात लाखांवरून दहा लाख होत आहे, तेव्हा तो विषय आपला नाही.

लहान रक्कम असेल तर वायर परवडत नाही. हजार रुपयांवर बँकेचाच खर्च हजाराच्या आसपास जातो. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर कार्डाने द्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या, काम झालं की बंद करा. बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप घेईल.

एक बारीक गोष्ट: मोठ्या संस्थांच्या भारतीय शाखेला दिलेला पैसा बहुतेक वेळा भारतातल्याच कामावर खर्च होतो. फॉर्मवर "म्यानमार भूकंप" असा वेगळा रकाना दिसत असेल तरच तिकडे जातो असं समजा. ८०जी ची, म्हणजे करसवलतीची, पावती मिळाली म्हणजे मंडालेत पाणी पोचलं असं नाही.

---

तर्रीवाला
३० मार्च २०२५, रात्री ८.०५

लेजरकाका, थेट मंडालेतल्या एखाद्या मठाच्या खात्यात का नको? पत्ता, खाते क्रमांक, सगळं काही जणांकडे आहे.

---

लेजरफोलिओ
३० मार्च २०२५, रात्री ८.४०

तीन अडचणी. म्यानमार ऑक्टोबर २०२२ पासून एफएटीएफच्या (काळ्या पैशांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) काळ्या यादीत आहे, म्हणून प्रत्येक बँक जास्तीचे प्रश्न विचारते. तिथल्या दोन मोठ्या सरकारी परकीय व्यवहार बँकांवर जून २०२३ पासून अमेरिकेचे निर्बंध आहेत. डॉलरची वायर मधल्या बँकेत थांबते, कधी परत येते, आणि दोन्ही वेळचा खर्च तुमचा.

तिसरी अडचण जास्त खुपणारी. सरकारने बांधलेला दर डॉलरला २१०० क्यात. बाजारात त्याच्या दुपटीहून जास्त. अधिकृत दराने पैसे बदलले गेले तर मठाच्या हातात निम्म्याहून कमी माल येतो. उरलेलं कोणाच्या खिशात गेलं ते तुम्हीच समजा. मोठ्या संस्था बाहेर, थायलंडमध्ये वगैरे, डॉलरमध्ये माल घेऊन आत नेतात, त्यामुळे त्यांचं नुकसान कमी.

---

जुनी_शुक्रवारी
३१ मार्च २०२५, सकाळी ९.२०

आज ईद. मोमिनपुऱ्यात नमाजानंतर मंडाले-सगाइंगसाठी दुआ झाली. धाग्यात सगळी भाषा बौद्ध देशाची आहे, ती साहजिकच. पण विहारातल्या फलकावर "आपले धम्मबांधव" एवढंच लिहू नका. त्या शुक्रवारी मठात परीक्षेला बसलेले भिक्खू दबले आणि जुम्म्याला बसलेले नमाजी दबले, एकाच मिनिटात.

---

उपासिका_इंदोरा
३१ मार्च २०२५, सकाळी ११.४५

जुनी शुक्रवारी, बरोबर. फलकावर "म्यानमारचे भूकंपग्रस्त" लिहू, पुरे.

कार्यक्रमाबद्दल. इथे एक चूक नेहमी होते. मृतांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावून त्यांच्यासाठीच मैत्रीभावना (सुखी होवोत अशी ध्यानातली भावना) करतात. थेरवाद परंपरेत मैत्रीभावनेचा विषय जिवंत प्राणी असतो, मेलेली व्यक्ती कधीही नाही. मृतांसाठी पुण्यदान. दोन वेगळ्या क्रिया आहेत, क्रम सांभाळा.

आधी त्रिसरण-पंचशील. मग परित्राणपाठ: करणीयमेत्त आणि रतनसुत्त पुरेसे. मग करुणाभावना, दहा-पंधरा मिनिटं. मैत्री स्वतःपासून सुरू करतात. करुणा सुरू करायची दुःखात असलेल्या एका ठरावीक माणसापासून. "म्यानमारची जनता" असं मोघम धरलं तर मन ठरत नाही. रस्त्यावर ताडपत्रीखाली बसलेली एक बाई, कडेला पाण्याचा कॅन. तिच्यापासून सुरू करा, मग शेजारी, मग शहर, मग ज्यांच्याबद्दल राग आहे ते सुद्धा. तिथलं लष्कर आठवेल, आठवू द्या. शेवटी पुण्यदान: दान केलेलं, शील पाळलेलं, त्याचं पुण्य मृतांना. ब्रह्मदेशात त्या वेळी भांड्यातून बारीक धारेनं पाणी ओततात, आपल्याकडेही करता येतं. शेवटी साधुकार, म्हणजे तीनदा "साधु" म्हणायचं. ब्रह्मी माणूस बसलेला असेल तर तो "थादु, थादु, थादु" म्हणेल. त्यांच्या उच्चारात स चा थ होतो, कोणी हसू नये.

आणि करुणेचे दोन शत्रू परंपरेने सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, तो करुणेसारखाच दिसतो. रडून रडून आपणच थकलो आणि पुढच्या आठवड्यात विसरलो तर तो जवळचा शत्रू होता.

---

खडूफळा
३१ मार्च २०२५, दुपारी १२.३०

उपासिकाताईंच्या पोस्टला जोडून. ब्रह्मी नावांत आडनाव नसतं. "ऊ" हे मोठ्या पुरुषाला आदराने, "डॉ" मोठ्या बाईला, "को" आणि "मा" बरोबरीच्या-लहान तरुणांना. म्हणजे ऊ चंद्रमणी यातला "ऊ" नावाचा भाग नाही. पत्र लिहिताना "श्री. ऊ अमुक" असं दुहेरी करू नका. ज्येष्ठ भिक्खूंना "सयाडो".

नागपुरात शिकणारा म्यानमारचा विद्यार्थी किंवा भिक्खू तुमच्या कॉलेजात असेल तर "घर पडलं का?" असं विचारू नका. "घरी संपर्क झाला का?" विचारा. तिकडे वीज आणि नेट दोन्ही तुटलं आहे, उत्तर "नाही" असू शकतं, आणि त्याचा अर्थ वाईटच असा नाही. त्यांची घड्याळं आपल्यापुढे एक तास. रात्री अकराला इथून फोन लावला तर तिकडे बारा वाजलेले असतात.

---

कॉलमबीम
१ एप्रिल २०२५, रात्री ९.५०

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "तिकडचं बांधकामच भ्रष्ट" या ज्ञानाबद्दल.

सगाइंग भ्रंश, म्हणजे जमिनीतली मोठी भेग, उत्तर-दक्षिण हजाराहून जास्त किलोमीटर चालतो. दोन्ही बाजू एकमेकींच्या कडेने आडव्या सरकतात, वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर. पायाचं नख वाढतं त्याच्या आसपासचा वेग. ही सरक साठत जाते. १८३९ साली जुनी राजधानी आवा असंच उद्ध्वस्त झालं होतं. १९५६ च्या जुलैतही सगाइंगला सातच्या आसपासचा धक्का होता, म्हणजे धर्मांतराच्या तीन महिने आधी. या वेळी भ्रंश चारशेहून जास्त किलोमीटर लांबीत फाटला आणि मंडाले त्याच्या अगदी कडेला. एवढ्या जवळ आणि एवढं उथळ असलं की चांगल्या इमारतीचीही परीक्षा होते.

वरून जमीन इरावतीच्या गाळाची. पाणी भरलेली वाळू हलली की काही सेकंद द्रवासारखी वागते, इमारत कलते, पुलाचा खांब खचतो. जुने मठ म्हणजे जाड विटांच्या भिंती, आत सळई नाही. वीट दाब सोसते, ओढ सोसत नाही. नव्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर पार्किंग, नुसते कॉलम, वर भिंतींचे मजले. सगळं वळण त्या तळमजल्यावर येतं आणि तो बसतो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीची रिंग टोकाला ९० अंशात वाकवलेली असेल तर बाहेरचं काँक्रीट उडाल्यावर उघडते. १३५ अंशात आत वाकवलेली धरून ठेवते. एका रिंगच्या टोकाचा हा फरक.

नागपूर झोन २ मध्ये आहे, सगळ्यात कमी धोक्याच्या. म्हणून इथे ते १३५ अंशाचं डिटेलिंग कागदावर सक्तीचं नाही, आणि पार्किंगवर उभ्या इमारती मनीषनगरपासून मानकापूरपर्यंत मोजून घ्या. १९९७ चा जबलपूरचा धक्का नागपूरला जाणवला होता. किल्लारी तर शांत भाग समजला जायचा. तेव्हा मंडालेकडे बोट दाखवताना हात जरा खालीच ठेवा.

पुढे जे बांधायला मदत करतील त्यांनी एवढं सांगावं: विटांच्या घराला खिडक्या-दारांच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा, किमान ७५ मिलिमीटर जाड, आत दोन सळ्या, चारही भिंतींवर न तुटता. कोपऱ्यावर सळई तोडली तर तो पट्टा नुसता शोभेचा.

---

सीताबर्डीकर
२ एप्रिल २०२५, सकाळी ८.३०

एक शंका, भांडण म्हणून नाही. तिथे लष्करी राजवट. भूकंपानंतरही हवाई हल्ले थांबले नाहीत असं बातम्यांत येतं. आपला पैसा त्यांच्याच हाती जाणार नाही कशावरून?

---

लेजरफोलिओ
२ एप्रिल २०२५, सकाळी १०.००

शंका रास्त आहे. २००८ च्या मे मध्ये नर्गिस वादळात एक लाख तीस हजारांहून जास्त माणसं गेली आणि तेव्हाच्या लष्कराने परदेशी मदत आठवडे अडवली होती. आताही सगाइंगचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात नाही, तिथे जायला परवाने लागतात. म्हणून एकाच ठिकाणी सगळं देऊ नका. निम्मं मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला, निम्मं राखून ठेवा. महिनाभराने कोण कुठे पोचलं हे दिसेल, तेव्हा द्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच पैसा येतो, सहाव्या आठवड्यात कोणाचाच नाही.

---

गोळीऔषध
३ एप्रिल २०२५, दुपारी ४.१५

व्हिडिओंबद्दल सूचना. मंडालेच्या नावाने संगणकाने बनवलेले व्हिडिओ फिरत आहेत, खाली देणगीची लिंक. दुकानांच्या पाट्या बघा: ब्रह्मी लिपी गोल-गोल असते, बनावटीत नुसत्या गिचमिड रेघा दिसतात. पडणाऱ्या भिंतीजवळची माणसं हलत नसतील तर समजा. आणि बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळतानाचा तो प्रसिद्ध व्हिडिओ खरा आहे, पण बँकॉकचा, केंद्रापासून हजार किलोमीटरवरचा. त्याला मंडाले म्हणून पुढे ढकलू नका.

---

तर्रीवाला
९ एप्रिल २०२५, रात्री ९.३०

मृतांचा अधिकृत आकडा साडेतीन हजारांवर गेला. १४ तारखेला जयंती, आणि त्यांचा थिंजान, पाण्याचा सण, त्याच आठवड्यात. काही मंडळांनी डीजेच्या खर्चातून थोडं बाजूला काढायचं म्हटलं आहे. लेजरकाकांच्या सांगण्यावरून मंडळाच्या खात्यातून नाही. ज्याचा त्याने, आपापल्या कार्डाने. पावतीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायची सक्ती करू नये असं ठरलं. दानात चढाओढ नको.

---

सीताबर्डीकर
९ एप्रिल २०२५, रात्री १०.१०

डीजेतून काढलं हे वाचूनच अर्धं पुण्य लागलं बाप्पा.

---

कॉलमबीम
४ मे २०२५, सकाळी ७.४०

धागा वर आणतो. राखून ठेवलेला निम्मा वाटा आता काढायची वेळ आली. मे संपेपर्यंत तिकडे पाऊस लागतो आणि माणसं अजून ताडपत्रीखाली आहेत.

देताना पर्याय असेल तर "शेल्टर" निवडा. मदतकार्यातली ताडपत्री ४ बाय ६ मीटरची, घरटी दोन: एक छताला, एक आडोशाला किंवा जमिनीवर. वजन साधारण २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, कडेला विणलेला पट्टा. आपल्या इतवारीत मिळणारी पातळ निळी एका उन्हाळ्यात कडकडते आणि आयलेटपाशी फाटते. माणशी जागा साडेतीन चौरस मीटर धरतात. संडास वीस माणसांमागे एक; सुरुवातीला पन्नासामागे एक चालवून घेतात, पण पाऊस लागल्यावर ते चालवून घेणं महागात पडतं.

ताडपत्री सपाट ताणली की मध्ये पाणी साचून पोट सुटतं आणि रात्रीतून बांबूसकट खाली येते. मधला बांबू उंच ठेवून दोन्हीकडे चांगला उतार, कडा जमिनीत पुरलेल्या, भोवती वीतभर खोल चर, आणि चराचं तोंड शेजाऱ्याच्या तंबूकडे नाही.

---

उपासिका_इंदोरा
११ मे २०२५, रात्री ८.२०

उद्या बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी साडेसहाला विहारात बसणार आहोत, दीड महिन्यापूर्वीच्याच क्रमाने. फलक तोच ठेवला आहे, "म्यानमारचे भूकंपग्रस्त". येताना घरून तांब्या आणि ताट आणा; मागच्या वेळी पाणी ओतायला भांडीच कमी पडली. ओतलेलं पाणी नंतर बोधिवृक्षाच्या बुंध्याशी घालायचं, मोरीत नाही.